तलावाला मूठमाती

चिकणखेड्याच्या ग्रामसभेत प्रभाकरराव जे बोलून गेले ते बोलायला नको होतं, असं पुढे त्यांच्या घरातही बहुमत झालं. पण एक मेची सकाळ होती, झेंडा नुकताच वर गेला होता आणि समोर माईक होता. माईक दिसला की प्रभाकररावांचा ब्रेक फेल व्हायचा. खरं तर सरपंच त्यांची बायको. ती सह्या करायची, हे बोलायचे. ही वाटणी गावाच्या इतकी अंगवळणी पडली होती की एकदा सरपंचबाई स्वतः 'बसा' म्हणाल्या तर लोक उभेच राहिले. आवाज कुठून आला तेच कोणाला कळेना.

विषय गावतलावाचा होता. तलाव मुरूम टाकून बुजवायचा आणि वर निसर्ग उद्यान करायचं, असं ठरलं होतं. उद्यानात सिमेंटची हरणं, प्लास्टिकच्या कमळातून उडणारं कारंजं आणि एका पायावर उभा सिमेंटचा बगळा. तलावावर खरे बगळे यायचे, नाही असं नाही. पण ते मनाला येईल तेव्हा यायचे आणि फोटोला थांबायचे नाहीत. सिमेंटच्या बगळ्यात ती अडचण नव्हती. भूमिपूजन पाच जूनला ठेवलं होतं, कारण त्या दिवशी पर्यावरण दिन असतो आणि तहसीलचे साहेब मोकळे असतात.

पुनाजी उठला. हा गोंड मोहल्ल्यातला जुना माणूस, ढोरं राखता राखता तलावाच्या काठीच म्हातारा झालेला. तो म्हणाला, तलावात गाळ चढला म्हणून तो उन्हाळ्यात आटते, गाळ काढा, बुजवता कायले. त्यावर प्रभाकरराव माईकवरून हसले.

"कायचा तलाव घेऊन बसले पुनाजीभाऊ? तलाव मेला तो. कवाचाच मेला. मेलेल्याले किती दिवस घरात ठेवता?"

सभा हसली. बायकांमधून सुलोचनाबाईंनी विचारलं, "अन् आमची विहीर?"

भीमनगरची विहीर तलावाच्या पाळीखालीच होती. तलावाचं पाणी पाझरून तिच्यात यायचं. तलावाच्या जिवावर तिचा जीव होता. नळ होता, पण तो पाहुण्यासारखा यायचा, येतो म्हणायचा आणि यायचा नाही.

"आटली त आमच्या आंगनातल्या बोअरवर या नं सुलोचनाबाई," प्रभाकरराव म्हणाले. "आम्ही काय नाई म्हनतो काय?"

हे ते खरोखर प्रेमानं म्हणाले. वाईट तेच होतं. सुलोचनाबाई लहान होत्या तेव्हा दुसऱ्याच्या विहिरीच्या ओट्याखाली कळशी ठेवून उभं राहावं लागायचं, कोणी वरून पाणी ओतेपर्यंत. ओतणारे सगळेच काही वाईट नसायचे. काही प्रेमळही असायचे. प्रेमळ माणूस विहिरीवर कधी येतो, याची वाट पाहण्यात त्यांचं अर्धं बालपण गेलं. मग भीमनगरनं स्वतःच्या हातानं विहीर खणली आणि ती वाट पाहणं एकदाचं संपलं. त्या उठल्या, लुगड्याची धूळ झटकली आणि सभेतून निघून गेल्या.

त्यांची पोरगी पौर्णिमा मात्र जाऊ शकली नाही, कारण माईक तिचा होता.

पौर्णिमा बिछायत केंद्र. सतरंज्या, खुर्च्या, भात शिजवायचे गंज, कढया, मांडव आणि दोन भोंगे. लग्न, साक्षगंध, बुद्ध जयंती, भागवत सप्ताह, तेरवी, सगळ्यांना माल तिचाच जायचा. त्यामुळे गावात कोणाकडे काय कसं करतात हे तिला पाठ झालं होतं. घरचे लोक अशा वेळी रडत तरी असतात नाहीतर नाचत तरी असतात. शुद्धीवर फक्त बिछायतवाली असते. पाच जूनचा मांडवसुद्धा प्रभाकररावांनी तिच्याकडेच सांगितला होता.

घरी सुलोचनाबाई विहिरीच्या काठावर बसल्या होत्या.

"मी कोनाच्या आंगनात कळशी घेऊन उभी राह्यनार नाई," त्या म्हणाल्या. "तुले सांगून ठेवतो. तहानेनं गेली त चालन."

पौर्णिमानं विहिरीत डोकावून पाहिलं. पाणी खाली गेलं होतं, पण होतं. तलाव बुजला की ते राहणार नव्हतं, आणि आई बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती, हीच तिच्यातली अडचण होती. पौर्णिमा धंद्याच्या अंगानं विचार करू लागली. एखाद्यानं भर ग्रामसभेत, माईकवरून, कोणाचं मरण जाहीर केलं, तर पुढचं काम कोणाचं असतं? बिछायतवाल्याचं.

दुपारी तिनं ॲपेवर भोंगा बांधला आणि गावातून फिरली. अल्लीपूरच्या रस्त्यावरच्या दोन-तीन गावांतही जाऊन आली.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की, चिकणखेडा येथील जुने रहिवासी गावतलाव यांचे निधन झाले आहे. ही बातमी स्वतः प्रभाकररावांनी ग्रामसभेत दिली. तलाव यांना हलवता येत नसल्यामुळे अंत्ययात्रा निघणार नाही, अंत्यविधी उद्या सकाळी राहत्या घरीच होईल. येताना कुदळ, फावडं, टोपलं, ज्याला जे जमेल ते आणावे."

लोकांना आधी वाटलं, पोरीला ऊन लागलं. पण मौत म्हणजे मौत. आमच्या भागात लग्नाला नाही गेलं तर माणूस रुसतो आणि विसरतो; मौतीला नाही गेलं तर विसरत नाही. तुमच्या दारात तिरडी बांधायची वेळ येते तेव्हा बांबू धरायला कोणी नसतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत अर्धं गाव तलावावर हजर होतं. निम्मे दुःखात, निम्मे काय होतं ते पाहायला. हे प्रमाण कोणत्याही मौतीत असंच असतं.

पहिलं भांडण लगेच लागलं: तलावाची जात कोणती? जाळायचा की पुरायचा? कुणब्यांच्या पोरांचं म्हणणं पडलं की तलाव गावचा, म्हणून जाळला पाहिजे. कोणी म्हणालं, तलावात सगळ्यांचीच ढोरं बसत होती, म्हणजे त्याला जात नव्हती. एक जण म्हणाला, असं कसं, जात नसलेला माणूस सापडला नाही अजून. पौर्णिमानं खुर्च्या मांडल्या आणि भांडण मनसोक्त होऊ दिलं. स्मशानं वेगवेगळी असलेल्या गावात हे भांडण उघड्यावर, खुर्चीवर बसून कधी झालंच नव्हतं.

शेवटी पुनाजीनं प्रश्न सोडवला.

"पानी जळते काय?" तो म्हणाला.

जळत नाही, हे सगळ्यांना मान्य झालं.

"मंग पुरा. आमच्याकडं पुरतेतच. पन खड्डा मढ्याच्या मापाचा पायजे. मढं आखूड करून कोनी पुरत नाई."

सगळ्यांनी तलावाकडे पाहिलं. भेगाळलेला, कोरडा, या पाळीपासून त्या पाळीपर्यंत. मढं चांगलंच आडवं होतं.

"अन् माती लोटायची नाई," पुनाजी पुढे म्हणाला. "हा बिचारा मातीनंच मेला. गाळ नाकातोंडात गेला त्याच्या. त्याले आनखी माती कायले देता? इथं मूठमाती म्हनजे माती घेऊन जायची."

असं ते सुरू झालं. तलावाच्या मापाची कबर, तलावातच, आणि प्रत्येकानं माती घेऊन जायची. तलावातला काळा गाळ शेतात पडला की पराटी, म्हणजे कपाशी, कशी फोफावते हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, त्यामुळे दुःख झपाट्यानं पसरलं. लांबच्या गावांतून लोक सांत्वनाला येऊ लागले आणि येताना ट्रॅक्टरला ट्रॉली लावून येऊ लागले. एवढं दुःख हातात मावत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुनाजीची बायको रामबाई पाळीवर बसून रडायची. रामबाईसारखं हेल काढून रडणारी बाई त्या भागात नव्हती. तिच्या रडण्यात मेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य यायचं, चांगलंही आणि बाकीचंही.

"माह्या तलावा रे, माही म्हैस तुह्यात पाय पसरून निजे रे, आता कोनाच्या दारी लोळन रे माह्या राजा…"

मग ती एकेकाला बोलावून आणायची. पाण्यात सूर मारणारा खंड्या, बुडी मारली की भलतीकडेच निघणारी टिबुकली, चिखलात झोपून उन्हाळा काढणारी मरळ, थंडीत कुठूनशी येणारी नारिंगी बदकं, आणि दिवाळीआधी धुतलेल्या गोधड्या. बाकीच्या बायका आपापलं जोडायच्या. एकीनं सांगितलं की तिचा नवरा पोहायला इथंच शिकला, आणि ती जास्तच रडली, कारण नवऱ्याला तेवढंच येत होतं. खालून पोरं फावडं थांबवून विचारायची, रामबाई, टिबुकली म्हणजे कोणती वं? रामबाई रडता रडता हातानं चोच करून दाखवायची आणि पुन्हा सुरात शिरायची.

पटवारी आला तो अशाच एका दुपारी. प्रभाकररावांनीच पाठवला होता. त्यानं पाळीवरून आवाज दिला की माती उचलायला परवानगी लागते, हे गौण खनिज आहे.

"माती उचलून नाई राह्यलो साहेब," पौर्णिमा म्हणाली. "मूठमाती आहे."

"ट्रॉली भरून?"

"पाहुने लय आहेत."

पटवारी म्हणाला, मला पाहू द्या. मग सगळ्यांनी फावडी खाली ठेवली. एकेक जण वाकला, एक मूठ माती उचलली, कपाळाला लावली, गंभीर चेहऱ्यानं पाळ चढला, ट्रॉलीत मूठ उघडली, परत आला आणि रांगेत मागे उभा राहिला. रामबाईनं पट्टी वाढवली. पटवारी पाहत राहिला. एका माणसाच्या किती मुठी झाल्या की गुन्हा होतो, हे त्याच्या माहितीत कुठे नव्हतं. पौर्णिमानं त्याला खुर्ची दिली, ती उन्हात होती. मेमधलं हिंगणघाटकडचं ऊन. तिथं सरकारही फार वेळ बसू शकत नाही. त्यानं पाणी मागितलं. सुलोचनाबाईंनी भीमनगरच्या विहिरीचं पाणी आणून दिलं, तांब्या त्याच्या हातात ठेवला आणि तो पीत असताना समोर उभ्या राहिल्या. तो तांब्या रिकामा करून गेला. जाताना, बहुतेक सवयीनं, दुखवट्याला जोडतात तसे हात जोडून गेला.

खरा दणका दोन आठवड्यांनी बसला. भूमिपूजनाला हिंगणघाटचे महाराज ठरले होते. त्यांनी फोनवर सांगितलं की गावात मढं आहे, खड्डा अजून खणणंच चालू आहे, अशा सुतकात नारळ कसा फोडणार? प्रभाकरराव ओरडले की तो तलाव आहे. महाराज म्हणाले, असेल, पण मेला असं तुम्हीच माईकवर म्हणाले, मोबाईलवर फिरून राह्यलं ते.

सुलोचनाबाईंना हे कळलं तेव्हा त्या टोपलं उचलता उचलता थांबल्या.

"पौर्णिमा, आपन कवापासून सुतक मानाले लागलो वं?"

"आपन नाई मानत," पौर्णिमा म्हणाली. "प्रभाकरभाऊ मानते. ते काम त्यायच्याकडं देलं."

सुलोचनाबाईंनी टोपलं डोक्यावर घेतलं. त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या आधी येऊ लागल्या.

प्रभाकरराव काही मूर्ख नव्हते. त्यांनी विचार केला: सुतक संपायला हवं असेल तर मौत आटपायला हवी, आणि मौत आटपायला खड्डा बुजायला हवा. चार जूनला सकाळी ते जेसीबी घेऊन तलावावर आले. मागून मुरमाचे टिप्पर. खाली माणसं खणत होती, वर यंत्र उभं राहिलं. पौर्णिमा माईक हातात घेऊनच धावत पाळीवर आली. ती मागं खड्ड्याकडे पाहतच नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर फक्त कोरडी विहीर होती, आणि तिच्या काठावर बसलेली आई.

"निघा बाहेर सगळे," प्रभाकरराव म्हणाले. "झाली तुमची मौत. मीच पुरतो. अमर, टाक बे माती."

जेसीबीवर अमर होता, गावचाच पोरगा. त्यानं बकेट मुरमानं भरून वर उचलली आणि तशीच वर ठेवली.

"टाक म्हनलं नं."

"भाऊ," अमर म्हणाला, "पह्यली माती वारसदाराची असते. माहा काई संबंध नाई. माहा बाप जिता आहे."

पौर्णिमानं वर अमरकडे पाहिलं. हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. तिनं हातातला माईक चालू केला.

"प्रभाकरभाऊ वारसदार म्हनून पुढं येऊन राह्यले," ती अगदी सरळ आवाजात म्हणाली. "चांगली गोष्ट आहे. इतके दिवस मयताचं आपलं म्हनाले कोनी नव्हतं. न्हाव्याले बोलवा. वारसाची मिशी उतरवा लागते. अन् तेरवी त्यायच्याकडं, ज्यानं ज्यानं माती नेली त्या सगळ्या गावाची."

प्रभाकररावांचा हात मिशीकडे गेला. ही मिशी त्यांच्या प्रत्येक फ्लेक्सवर होती; काही फ्लेक्सवर तर मिशीच जास्त होती.

तेवढ्यात पाळीवरून एक बाज आली. चार जणांनी खांद्यावर घेतलेली, वर पांढऱ्या चादरीत म्हातारा. लोकांनी टोप्या काढल्या. मग म्हातारा खोकला आणि लोकांनी टोप्या परत घातल्या. ते प्रभाकररावांचे वडील, चंद्रभानआबाजी. वर्षभरात अंथरुणावरून उठले नव्हते. बाजेसोबत सरपंचबाई चालत होत्या, आणि माणसं त्यांनीच बोलावली होती हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्यांनी 'ठेवा' म्हटलं आणि बाज खाली ठेवली गेली. या वेळी आवाज कुठून आला ते सगळ्यांना कळलं.

"गावात मौत झाली," आबाजी म्हणाले, "अन् आपल्या घरून कोनी आलं नाई म्हनते. माह्या मौतीले मंग कोन येईन बे?"

"बाबा, तलाव आहे तो."

"मले दिसते. मी त्यात बुडता बुडता वाचलो." आबाजींनी दम घेतला. "टाक माती. पह्यली माती टाक अन् उतरव मिशी. बाप जिता असताना पोरानं मिशी उतरवलेली पाहाले भेटन मले. असं नशीब कोनाच्या बापाचं नसते."

ज्याचा बाप जिवंत आहे त्यानं मिशी उतरवायची नाही, हे चिकणखेड्यात शेंबडं पोरही सांगेल. ती उतरवणं म्हणजे बापाला जिवंतपणी मारणं. कोणी हसलं नाही. रामबाईसुद्धा रडायची थांबली. बकेटमधून थोडा थोडा मुरूम जेसीबीच्याच टपावर सांडत होता.

आबाजींनी हात पुढे केला. सरपंचबाई खाली उतरल्या, खड्ड्यातली मूठभर काळी माती उचलून आणली आणि सासऱ्याच्या तळहातावर ठेवली. आबाजींनी ती बोटांनी चोळून पाहिली, शेतकरी पाहतो तशी.

"चांगली आहे," ते म्हणाले. "वरच्या वावरात टाकजो. तूही घे बे, उभा काय राह्यला?"

प्रभाकरराव वाकले. एवढ्या लोकांसमोर वाकायची त्यांना सवय नव्हती. लोक त्यांच्यासमोर वाकायचे. त्यांनी एक मूठ उचलली आणि सरळ झाले. आता ही मूठ हातात धरून कुठं उभं राहायचं ते त्यांना कळेना. त्यांनी पौर्णिमाकडे पाहिलं आणि आवाज खाली घेऊन विचारलं की हे कधी आटपणार. उद्या साहेब येणार, त्यांना काय सांगू.

"सांगा, मौत आहे," पौर्णिमा म्हणाली. माईक अजून चालूच होता, त्यामुळे ते सगळ्या तलावानं ऐकलं. "मढं मोठं आहे भाऊ. यंदा नुसते पाय पुरून होईन. पुढच्या उन्हाळ्यात गुडघ्यापर्यंत येऊ. दर उन्हाळ्यात खनत राहू. तवर गावात सुतक. साहेबायले यायचं असन त येऊ द्या, टोपलं आमच्याकडं आहे."

"अन् मांडवाचं काय? सांगितला होता मी."

"बांधतो नं. खाली बांधतो, खड्ड्यात. सावली पायजेच लोकायले."

अमरनं बकेट मागं वळवली आणि मुरूम जिथून आणला होता त्या टिप्परमध्ये परत ओतला. मग जेसीबी वळवून तो खड्ड्यात उतरला, आणि कोणी न सांगता गाळ काढायला लागला. त्याला कोणी विचारलं तर तो सांगणार होता की त्याची मूठ जरा मोठी आहे.

सुलोचनाबाई पाळीवर आल्या होत्या. प्रभाकरराव त्यांच्या शेजारून गेले तेव्हा त्या वाटेतून बाजूला झाल्या नाहीत. प्रभाकररावांनाच वळसा घ्यावा लागला. ते गाडीपर्यंत गेले. उजव्या हातात माती होती आणि मौतीची माती वाटेत सांडत नाहीत, म्हणून मूठ उघडता येईना. डाव्या हातात मोबाईल वाजत होता, साहेबांचा. गाडीचं दार शेवटी सरपंचबाईंनी उघडून दिलं.

"फोन मी घेते," त्या म्हणाल्या.